वाचक विचारतात : आठवणींची खोडाखोड

सिनेमातली आणि प्रयोगशाळेतली ‘आठवण बदलणारी यंत्रं’ यांवर आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत. बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या सिनेमाचं नाव घेऊनच सुरुवात केली आहे, तेव्हा उत्तरंही तिथूनच सुरू करू.

प्रश्न : ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’मध्ये एक कंपनी प्रेयसीच्या सगळ्या आठवणी एका रात्रीत पुसून देते. असं खरंच होऊ शकतं का?
– एक वाचक, सांगली

यंत्र बाजूला ठेवा आणि पद्धत बघा. नायकाला आधी तिच्याशी संबंध असलेली घरातली प्रत्येक वस्तू घेऊन यायला सांगतात. एकेक वस्तू समोर ठेवून, ती बघताना त्याच्या मेंदूत काय हलतं याचा नकाशा काढतात. पुसण्याचं काम त्यानंतर. म्हणजे आठवण आधी जागी करायची आणि मग तिला हात घालायचा. २००४च्या या सिनेमाने एवढा क्रम अचूक पकडला आहे.

क्रम महत्त्वाचा का, ते सांगतो. ताजी आठवण कच्ची असते, ती पक्की व्हायला वेळ लागतो, हे म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन संशोधकांनी १९०० मध्येच मांडलं होतं. पुढे बराच काळ समज असा राहिला की एकदा पक्की झाली की झाली, सिमेंटच्या कोब्यासारखी. १९६८ मध्ये एका प्रयोगाने या समजाला तडा दिला होता, पण गंमत अशी की स्मृतीवर काम करणारेच तो प्रयोग जवळजवळ विसरून गेले. मग २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना एक सूर ऐकवून पायाला विजेचा सौम्य झटका दिला. दुसऱ्या दिवशी नुसता सूर, एकदाच. उंदीर भीतीने जागच्या जागी गोठले. लगेच त्यांच्या अमिग्डलात, म्हणजे मेंदूच्या भीती शिकणाऱ्या भागात, अॅनिसोमायसिन टोचलं. हे औषध पेशीत नवी प्रथिनं बनू देत नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सूर वाजला तर उंदीर जेमतेम थबकले.

यातली खरी कमाई तुलनेच्या गटांत आहे. औषध दिलं पण सूर ऐकवलाच नाही, तर भीती शाबूत. सूर ऐकवून सहा तासांनी औषध दिलं, तरीही शाबूत. म्हणजे औषधाने आठवण आपोआप विरघळत नाही. आठवण जागी झाली की काही तास ती पुन्हा मऊ होते आणि परत पक्की व्हायला तिला नवी प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर ती नीट बसत नाही. याला पुनर्दृढीकरण म्हणतात.

आता सिनेमा कुठे घसरतो ते. पहिलं, आकार. ‘हा सूर म्हणजे झटका’ ही एक गाठ आहे. ‘ती’ म्हणजे एक गाठ नव्हे. तिच्यात तिचा आवाज आहे, समुद्रकिनारा आहे, एखाद्या पुस्तकाबद्दल तिने सांगितलेलं मत आहे, आणि ते मत आता तुमचंच होऊन बसलंय. हे सगळं सोडवून काढायचं तर सोबत बराच निरपराध ऐवज जाईल. दुसरं, अॅनिसोमायसिन विषारी आहे. ते माणसाच्या मेंदूत घालण्याचा प्रश्नच येत नाही. तिसरं, झोप. सिनेमात झोपेत पुसतात. खऱ्या मेंदूत झोप ही आठवणी पक्क्या करण्याची वेळ. २००७च्या एका जर्मन प्रयोगात गुलाबाच्या वासात पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करून घेतल्या आणि गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला. सकाळी त्या मंडळींना सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या. वासाविना सुमारे ८६.

चौथी अडचण सगळ्यांत खोल आहे. २०१५ मध्ये एमआयटीत सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने असंच औषध देऊन ‘पुसलेल्या’ आठवणीच्या पेशी लेझरने पेटवल्या, आणि उंदीर पुन्हा गोठले. मग आधी पुसलं काय होतं? कदाचित आठवण नव्हे, तिच्यापर्यंत जाणारी वाट. घर जागेवर, फक्त गल्लीच्या तोंडाशी भिंत. हा वाद अजून मिटलेला नाही. याआधी ‘झिप’ नावाच्या एका रेणूने असाच गाजावाजा केला होता. २००६ मध्ये त्याने जुनी आठवण पुसली जाते असं दिसलं आणि झिप ज्याला अडवतं त्या पीकेएम-झीटा या प्रथिनाला ‘स्मृतीचा रेणू’ म्हणायला सुरुवात झाली. २०१३ मध्ये दोन वेगळ्या गटांनी ते प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले. ते व्यवस्थित शिकत होते, आणि झिप त्यांच्याही आठवणी पुसत होतं! त्या प्रथिनाच्या गैरहजेरीत त्याचं भावंड काम सांभाळतं, असा खुलासा पुढे आला. पुसण्याच्या दाव्यांकडे बघताना ही हकिकत डोक्यात असू द्या.

सिनेमातला डॉक्टर मात्र एकदा खरं बोलतो. धोका काय, असं विचारल्यावर तो सांगतो की तांत्रिकदृष्ट्या ही मेंदूला केलेली इजाच आहे.

प्रश्न : ‘टोटल रिकॉल’सारखी न घडलेली आठवण उंदराच्या डोक्यात घातली, असं वाचलं. नेमकं काय करतात? बायोटेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी आहे, तपशिलात सांगितलंत तर बरं.
– एक वाचक, कोल्हापूर

तपशिलातच सांगतो. प्रयोग २०१३चा, टोनेगावांच्याच प्रयोगशाळेतला. स्टीव्ह रामिरेझ आणि शू लिऊ यांनी केलेला.

साहित्य चार प्रकारचं. एक, जनुकबदल केलेला उंदीर. चेतापेशी जोरात कामाला लागली की तिच्यात सी-फॉस नावाचं जनुक चालू होतं. या उंदरात त्या जनुकाच्या चालू होण्याला रेणूंचा बनलेला एक खटका जोडलेला असतो. दोन, निरुपद्रवी केलेला विषाणू. त्याच्या पोटात चॅनेलऱ्होडॉप्सिनचं जनुक. हे प्रथिन मूळचं गोड्या पाण्यातल्या एका हिरव्या शैवालाचं. निळा प्रकाश पडला की ते पेशीचं दार उघडतं आणि चेतापेशी पेटते. खटका दाबला गेला तरच हे प्रथिन बनतं. तीन, डॉक्सिसायक्लिन, आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात तेच अँटिबायोटिक, उंदराच्या खाण्यात मिसळलेलं. ते पोटात आहे तोवर खटक्याला कुलूप. चार, ४७३ नॅनोमीटरचा निळा लेझर आणि केसासारखी काचेची तार.

विषाणू हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूच्या नव्या आठवणी बनवणाऱ्या भागाच्या, डेंटेट जायरस या पट्ट्यात दोन्ही बाजूंना टोचतात आणि वर तार बसवतात. जखम भरेपर्यंत खाण्यात डॉक्सिसायक्लिन चालू. मग ते बंद करून उंदराला ‘अ’ खोलीत सोडतात. खोली साधीच, झटका नाही, काही नाही. तो हुंगत फिरतो आणि त्या वेळी ज्या पेशी काम करतात त्यांच्यावर प्रकाशाला उत्तर देणारी खूण बसते. लगेच डॉक्सिसायक्लिन पुन्हा सुरू, म्हणजे नवी खूण बसणार नाही. दुसऱ्या दिवशी ‘ब’ खोली, जिचा वास, आकार, उजेड सगळं वेगळं. इथे पायाला झटके देतात आणि त्याच वेळी निळा प्रकाश लावतात. उंदीर उभा आहे ‘ब’मध्ये, पण डोक्यात ‘अ’ची आठवण पेटवली आहे. पुढच्या दिवशी ‘अ’मध्ये सोडला की तो गोठतो. त्या खोलीत त्याला कधी काहीही झालेलं नाही! ‘क’ या तिसऱ्या, अनोळखी खोलीत मात्र तो गोठत नाही, तेव्हा उंदीर सगळ्यालाच भ्यायला लागला अशी शंका उरत नाही.

आता बिघडतं कुठे. डॉक्सिसायक्लिन बंद असण्याचा काळ लांबला तर पिंजऱ्यातल्या खाण्यापिण्याच्या, झोपण्याच्या पेशींवरही खूण बसते आणि ‘अ’ची आठवण गर्दीत हरवते. वेळ कमी पडला तर औषध शरीरातून पुरतं जात नाही आणि पुरेशा पेशी रंगतच नाहीत. तार थोडी जरी सरकली तरी प्रकाश भलत्या थरावर पडतो. म्हणून शेवटी प्रत्येक उंदराच्या मेंदूचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली जागा तपासतात आणि चुकीच्या जागेचे उंदीर हिशोबातून वगळतात. जागेची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. डेंटेट जायरसमध्ये एका वेळी फार थोड्या पेशी काम करतात, त्यामुळे ‘अ’च्या आणि ‘ब’च्या पेशी फारशा एकमेकींत मिसळत नाहीत. हाच प्रयोग हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ या पुढच्या भागात केला तेव्हा खोटी आठवण तयार झाली नाही. तिथे पेशींची सरमिसळ जास्त.

आणखी एक. उंदराला ‘आठवतं’ असं आपण म्हणतो तेव्हा मोजलेलं असतं ते एवढंच, की श्वास सोडून बाकी हालचाल किती टक्के वेळ थांबली. त्याच्या मनात कुठलं चित्र उमटलं, हे या आकड्यात कुठेच नाही. ‘खोटी आठवण’ या शब्दांनी मथळा चांगला होतो, पण वहीत नोंद असते ती गोठण्याचीच.

एक पुरवणी वाचन : २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्टो मालिनो यांच्या गटाने प्रकाशाने बनवलेली भीतीची आठवण सेकंदाला १ या संथ झपक्यांनी घालवली आणि सेकंदाला १०० झपक्यांनी परत आणली. चेतापेशींमधला सांधा सैल करायचा (एलटीडी), पुन्हा घट्ट करायचा (एलटीपी). परीक्षेत एलटीपी आणि एलटीडी पाठ करताना हा प्रयोग समोर ठेवलात तर रट्टा मारावा लागणार नाही.

प्रश्न : मग माणसावर का करत नाहीत?
– एक वाचक, बेळगाव

जनुकबदल, विषाणू आणि कवटीला भोक, ही तीन कारणं पुरेशी आहेत. चौथं असं की कुठल्या पेशींना हात लावायचा हे माणसात कळत नाही. मेंदूत कुठे काम चाललंय ते दाखवणाऱ्या एफएमआरआय स्कॅनच्या चित्रातला एक ठिपका साधारण दोन-तीन मिलिमीटर बाजूचा. त्यात लाखो पेशी. आठवणीच्या पेशी त्यांत विखुरलेल्या.

प्रश्न : ‘गजिनी’मध्ये आमिर खानला दर पंधरा मिनिटांनी सगळं विसरायला होतं. असा आजार असतो का? आणि डॉक्टर त्याला ‘शॉर्ट टर्म मेमरी लॉस’ म्हणतात ते बरोबर आहे का?
– एक शिक्षक, परभणी

आजार असतो. पंधरा मिनिटांचं घड्याळ नसतं. आणि नाव साफ चुकीचं आहे, कारण अशा रुग्णांची अल्पकालीन स्मृती ठणठणीत असते. तुटलेला असतो तो तिथून कायमच्या साठ्याकडे जाणारा पूल.

याचा सगळ्यांत नीट अभ्यासलेला दाखला म्हणजे हेन्री मोलेसन. हयातभर शास्त्रीय लेखांत फक्त ‘एच. एम.’. अपस्माराचे झटके आवरेनात म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, अमेरिकेत हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. झटके कमी झाले. पण त्यानंतर भेटलेलं माणूस दर वेळी नवं. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना एकदा ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनीही त्यांनी तो बरोबर सांगितला! कसा? ५, ८ आणि ४ मिळून १७. लक्षात ठेवायचं फक्त ८. सतरातून आठ गेले, राहिले नऊ. नवाचे दोन भाग, ५ आणि ४. हा हिशोब ते मनात सतत घोळवत होते. थोड्याच वेळात लक्ष दुसरीकडे गेलं, आणि आकडा तर गेलाच, आपल्याला आकडा दिला होता हेही गेलं. तेव्हा घड्याळाचा काटा हा निकष नाही, लक्ष हा निकष आहे. दाराची बेल वाजली तर अर्ध्या मिनिटात जाईल, न विचलित होता घोळवत बसलं तर टिकेल.

सिनेमात न दिसणारी दुसरी गोष्ट : मिलनरबाईंनी त्यांना आरशात बघून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईने चालायला लागला, जरी ‘हे मी आधी केलंय’ याची त्यांना दाद नव्हती. हाताची आठवण वेगळ्या खात्यात जमा होते. गोंदवून घेतलेला नायक सरावाने मारामारीत तरबेज होऊ शकतो, हे त्यामुळे पटण्यासारखं आहे. गोंदण कुणाच्या सांगण्यावरून घेतलं ते त्याला आठवत नाही, ही खरी धोक्याची जागा. आणि ‘गजिनी’चं मूळ ज्या ‘मेमेंटो’त आहे त्याने नेमकी तीच पकडली आहे.

रोज सकाळी पाटी कोरी होणारा आजार, जो ‘फिफ्टी फर्स्ट डेट्स’मध्ये दाखवला आहे, मेंदूच्या कुठल्याही ज्ञात इजेने होत नाही. २०१० मध्ये एका अमेरिकन रुग्णाची नोंद छापून आली. अपघातानंतर तिला रोज रात्री कालचा दिवस पुसला जातो असं वाटायचं. तपासणाऱ्यांनी तिला न सांगता आजच्या चाचणीत कालच्या गोष्टी मिसळल्या, तर त्या तिला आठवत होत्या. ती खोटं बोलत नव्हती. मेंदूच्या इजेऐवजी तिच्या समजुतीने तो आजार घडवला असावा, असा निष्कर्ष निघाला. ‘तो’ सिनेमा अपघाताच्या आधी येऊन गेला होता.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घाटात अपघात झाला. अजूनही समोरून ट्रक आला की घाम फुटतो. रक्तदाबाची एक गोळी घेऊन अपघात आठवला की भीती पुसली जाते असं कळलं. घेऊन बघू का?
– एक वाचक, चिपळूण

स्वतःच्या मनाने, नाही. का नाही ते सांगतो, कारण बातमी पूर्ण खोटीही नाही.

गोळीचं नाव प्रोप्रॅनोलॉल. अॅम्स्टरडॅममध्ये मेरेल किंट यांनी २००९ मध्ये निरोगी लोकांना जाळं विणणाऱ्या कोळ्याचं चित्र आणि सौम्य झटका यांची जोडी शिकवली. दुसऱ्या दिवशी ४० मिलिग्रॅमची गोळी देऊन चित्र एकदा दाखवलं. तिसऱ्या दिवशी डोळ्याखालच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून दचकणं मोजलं, तर ते उरलं नव्हतं. पण ‘या चित्रानंतर काय येतं?’ या प्रश्नाला सगळे ‘झटका’ असंच उत्तर देत होते. हे वाक्य दोनदा वाचा : घटना जागेवर, डंख गेलेला. २०१५ मध्ये कोळ्याला खरोखर घाबरणाऱ्या ४५ जणांवर असाच प्रयोग झाला. टॅरँटुला या भल्यामोठ्या कोळ्यासमोर दोन मिनिटं, मग गोळी. फरक वर्षभर टिकला. आघातोत्तर ताणविकाराच्या ६० रुग्णांवर कॅनडात अलँ ब्रुने यांनी केलेल्या चाचणीत (२०१८) गोळी आठवण काढण्याच्या ९० मिनिटं आधी देत. रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहिलेली घटनेची हकिकत समुपदेशकासमोर मोठ्याने वाचायची. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. नकली गोळी घेतलेल्यांपेक्षा त्यांना जास्त आराम पडला.

पण इतर प्रयोगशाळांनी हे करून पाहिलं तेव्हा अनेकदा काहीच हाती लागलं नाही. आठवण नुसती जागी होऊन चालत नाही, तिच्यात थोडं अनपेक्षित काही घडावं लागतं, नाही तर ती मऊच होत नाही. आठवण फार थोडा वेळ निघाली तर परिणाम शून्य. फार वेळ निघाली तर मेंदू ‘आता इथे धोका नाही’ असा वेगळाच धडा शिकायला लागतो आणि गोळीचा उपयोग होत नाही. घरी खुर्चीत बसून ही मात्रा कुणाला साधणार?

गोळीचे स्वतःचे धोके आहेतच. दमा असेल तर श्वासनलिका आवळू शकते. नाडी मुळात मंद असेल तर आणखी मंदावते. मधुमेही माणसाची साखर उतरल्यावर होणारी थरथर आणि धडधड ती झाकते, म्हणजे धोक्याची घंटाच बंद. रोज घेणाऱ्याने एकदम सोडली तरी हृदयाला त्रास होऊ शकतो. ती चिठ्ठीशिवाय मिळू नये असा नियम आहे, तो याचसाठी.

तुम्हाला जे होतंय त्यावर आघातकेंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर (आघात आठवताना डोळे एका लयीत हलवायला लावणारा उपचार) हे चांगला आधार असलेले उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. कुठे जावं कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : अपघातानंतर मोबाइलवर गेम खेळायला द्यायचा, अशी एक रील फिरते आहे. थापच ना?
– एक वाचक, नाशिक

थाप नाही, पण रीलमध्ये निम्मी कृती गाळली आहे. एमिली होम्स यांच्या गटाने ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात वाहन अपघातानंतर सहा तासांच्या आत आलेल्या ७१ जणांवर हे केलं. आधी रुग्णाने अपघातातले सर्वांत वाईट क्षण थोडक्यात डोळ्यांसमोर आणायचे. मग सुमारे २० मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणाऱ्या विटा रचण्याचा खेळ. पडणारी वीट खाली येण्याआधी मनात फिरवून बघायची, हे मुद्दाम समजावून सांगायचं. पुढच्या आठवड्यात नकळत डोळ्यांसमोर येणारी दृश्यं ६२ टक्क्यांनी कमी नोंदली गेली. अपघाताचं चित्र पक्कं व्हायला मेंदूची जी चित्र-जागा लागते, तीच विटा फिरवण्यात अडकवून ठेवायची, असा तर्क. म्हणून शब्दकोडं किंवा प्रश्नमंजुषा चालत नाही. मध्येच व्हॉट्सअॅप बघितलं तर अर्थ नाही. चाचणी लहान होती, आणि आधी जखमा, मग खेळ, हे सांगायला नकोच.

प्रश्न : यंत्राशिवाय, नुसत्या बोलण्याने आठवण बदलता येते का? आमच्या गावात एका भांडणाचे चार साक्षीदार दर महिन्याला जास्तच ठामपणे बोलायला लागले आहेत.
– एक वाचक, तासगाव

उंदरावर एवढा खटाटोप करावा लागतो, माणसाला एक क्रियापद पुरतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या धडकेची फिल्म दाखवली. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?’ असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी ३४ मैल. ‘लागल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं क्रियापद घातलं, तर जवळजवळ ४१. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारलं, ‘फुटलेल्या काचा दिसल्या का?’ काच एकही फुटली नव्हती. ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती. ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना.

१९९५ मध्ये लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल पुढे गेल्या. २४ जणांना लहानपणीचे चार प्रसंग लिहून दिले. तीन घरच्यांकडून मिळवलेले खरे, चौथा बनावट : पाच-सहा वर्षांचे असताना तुम्ही मॉलमध्ये हरवलात, रडलात, एका वयस्क बाईने घरच्यांकडे पोचवलं. साधारण चौथ्या हिश्श्याला तो पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवला’. या प्रयोगावर टीका बरीच झाली, अर्धवट आठवण कशाला म्हणायचं यावर विशेषतः. ती रास्त आहे.

तुमच्या गावच्या साक्षीदारांचा ठामपणा पुरावा म्हणून धरू नका. दर वेळी सांगताना आठवण उघडते, ऐकणाऱ्याच्या ‘काठी होती ना हातात?’मधली काठी आत जाते, आणि ती तशीच पक्की होते. कुणाला साक्षीदाराशी बोलायचंच असेल तर पहिला प्रश्न एकच : ‘काय झालं ते सांगा.’ वस्तू, रंग, माणसाचं नाव प्रश्नात घालू नका. सांगणारा थांबला तर ‘आणखी काही?’ एवढंच. पहिलं सांगणं तारीख-वेळेसह लिहून ठेवा, आणि तेव्हा त्याची खात्री किती होती तेही. नंतरच्या खात्रीपेक्षा तिला जास्त किंमत. साक्षीदारांना आधी आपसात बोलू देऊ नका. लहान मुलाला तोच प्रश्न दोनदा विचारू नका, पहिलं उत्तर चुकलं असं समजून ते बदलतं.

प्रश्न : पुण्यातल्या एका खटल्यात मेंदूची आठवण वाचून शिक्षा झाली होती ना? त्याचं पुढे काय झालं?
– एक वकील, पुणे

जून २००८मधला सत्र न्यायालयाचा निकाल. खुनाच्या आरोपात बीईओएस या चाचणीचा निष्कर्ष इतर पुराव्यांबरोबर धरून जन्मठेप झाली. चाचणी भारतातच विकसित झालेली, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेल्या सी. आर. मुकुंदन यांची. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून आरोपीने डोळे मिटून गप्प बसायचं. ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशी प्रथमपुरुषी वाक्यं ऐकवायची आणि विद्युत-लहरींवरून सॉफ्टवेअर ठरवणार की ही अनुभवलेली गोष्ट आहे की नुसती माहिती असलेली.

मागच्या उत्तराशी ताडून बघा म्हणजे भोक दिसेल. जी वाक्यं आरोपीने पोलिसांकडून अनेकदा ऐकली, ज्यांचं चित्र धास्तीने रात्ररात्र मनात उभं राहिलं, ती आणि खरोखर केलेली कृती यांतला फरक टोपीला कळतो, असं सिद्ध करणारे तपासलेले, स्वतंत्रपणे पुन्हा करून पाहिलेले प्रयोग हाताशी नव्हते. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही या चाचणीला शास्त्रीय पाया नसल्याचं म्हटलं. काही महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यात जामीन दिला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदू-लहरी चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. घटनेच्या कलम २०(३)चा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडण्याच्या हक्काचा, भंग होतो म्हणून. संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. तिच्या आधाराने पुढे एखादी वस्तू सापडली तर मात्र ती तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली येऊ शकते. वकिलांनी डोळ्यांत तेल घालून बघायची जागा तीच.

प्रश्न : ‘जॉनी निमॉनिक’सारखी मेंदूत चिप बसवून स्मरणशक्ती वाढेल का?
– एक वाचक, मडगाव

१९९५च्या त्या सिनेमात नायकाच्या डोक्यात ८० गिगाबाइट मावतात. आज त्याहून जास्त शाळकरी मुलाच्या मोबाइलमध्ये असतात. खऱ्या मेंदूची अडचण वेगळी : त्यात फाइल नाही. माणसाच्या मेंदूचा एक घन मिलिमीटर तुकडा हार्वर्ड आणि गूगल यांनी २०२४ मध्ये तपशीलवार छापला, त्याचीच विदा १,४०० टेराबाइट झाली. पेशी सुमारे ५७,०००, सांधे १५ कोटी. आणि त्यात कुठली आठवण आहे, हे कुणालाही वाचता येत नाही.

जवळात जवळचं काम २०१८चं, रॉबर्ट हॅम्पसन आणि थिओडोर बर्गर यांचं. अपस्माराच्या निदानासाठी ज्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आधीच इलेक्ट्रोड होते, त्यांच्यावर. चित्र बरोबर लक्षात राहतं तेव्हा त्या माणसाच्या पेशींचा ठेका कसा असतो हे गणिताने काढलं आणि पुढच्या वेळी तोच ठेका विजेने वाजवला. लक्षात राहण्यात सुमारे ३५ टक्के सुधारणा. बाहेरून आठवण घातली नाही, स्वतःच्याच मेंदूला त्याचा चांगला दिवस आठवून दिला. एकाचा ठेका दुसऱ्याला चालत नाही.

प्रश्न : ‘मेन इन ब्लॅक’मधला, झळकला की समोरच्याची आठवण पुसणारा झगझगीत पेन?
– एक वाचक, अकोला

झालेलं पुसणारं तसं काही नाही. होणारं नोंदू न देणारं मात्र तालुक्याच्या रुग्णालयातही असतं. एंडोस्कोपीआधी शिरेतून देतात ते मिडाझोलम. त्या अर्ध्या तासात माणूस ‘कूस बदला’ म्हटलं की बदलतो, बोलतोही, आणि नंतर विचारतो, ‘डॉक्टर, सुरू कधी करणार?’ सुई टोचण्याआधीचं सगळं त्याला आठवत असतं. अंमल उतरल्यासारखा वाटला तरी नोंद लगेच सुरू होत नाही, म्हणून पथ्याच्या आणि औषधांच्या सूचना रुग्णाला तोंडी सांगण्यात अर्थ नसतो. सोबतच्या माणसाला, लिहून. चोवीस तास कुठल्या कागदावर सही नाही. दुचाकीची किल्ली त्या सोबत्याच्याच खिशात.